पीटीच्या तासाला सूट नको

माझ्या मुलीला सहावीपासून पीटीच्या तासाला सूट होती. आम्ही ती मागितली नव्हती. शाळेनं आपणहून दिली, आणि मायेपोटीच दिली. "उन्हातान्हात तिला मैदानावर कशाला न्यायचं? वर्गात बसून वह्या पुऱ्या करील," असं बाई म्हणाल्या. आठवड्यातून दोनदा सगळा वर्ग मैदानावर जायचा आणि ती एकटी वर्गात बसायची. शारीरिक शिक्षणाची श्रेणी तिला वहीतल्या प्रकल्पावर मिळायची. खो-खोच्या मैदानाची मापं, व्हॉलीबॉलच्या जाळीची उंची, सगळं तिला तोंडपाठ. शाळेतला चेंडू मात्र तिच्या हातात कधी आला नव्हता.

ती आता दहावीत आहे. आम्ही छत्रपती संभाजीनगरला सिडकोत, एन-सातमध्ये राहतो. तिचा जन्म सातव्या महिन्यातला, वजन अगदी कमी. पुढे सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं. दोन्ही पायांचे स्नायू ताठ, हात त्या मानानं चांगले. मेंदूला झालेली ही इजा पुढे वाढत जात नाही, असं डॉक्टर पहिल्या भेटीतच सांगतात आणि आईबापांना तेवढाच धीर येतो. शरीर मात्र वाढतं, आणि त्याचं काय होणार हे त्या वेळी फारसं कुणी समजावत नाही. अकरा-बाराव्या वर्षी मुलं झपाट्यानं उंच होतात. हाडं लांबतात, ताठ स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत. मग उभं राहताना गुडघे वाकतात, चाल बिघडते, दम लवकर लागतो, वजन वाढतं. पाचवीपर्यंत स्प्लिंट घालून, भिंतीचा आधार घेत चालणारं लेकरू सातवीत व्हीलचेअर मागायला लागतं. आमच्याकडे हेच झालं. मधे करोनाच्या टाळेबंदीत फिजिओथेरपी बंद पडली होती, त्याचाही फटका बसलाच.

ज्या वयात हालचाल वाढायला हवी, नेमकी त्याच वयात ती चहूबाजूंनी आटत जाते. मूल जड होतं, आईबापांना उचलणं जमत नाही. शाळेचा वर्ग वरच्या मजल्यावर जातो. क्लास लागतात, फिजिओकडे जायला वेळ उरत नाही. आणि वरून शाळा पीटीला सूट देते.

त्यात मुलगीच व्यायामाला नाही म्हणू लागली. रोज संध्याकाळी हॉलमध्ये गादी घालायची, तिला आडवं करायचं, एक पाय माझ्या खांद्यावर घेऊन हळूहळू सरळ करायचा, मनात आकडे मोजायचे, मग दुसरा पाय. ती दोन वर्षांची होती तेव्हापासूनचा हा क्रम. तेराव्या वर्षी एक दिवस तिनं पाय सोडवून घेतला. "आई, मी पेशंट आहे का? रोज मला आडवं पाडून पाय ओढतेस." सासूबाई दिवाणावरून म्हणाल्या, "बरोबर बोलायलंय लेकरू. कशाला एवढा ताप द्यायलीस तिला?" त्यानंतर घरात रोज याच वेळेला वाद. ती खोलीचं दार लावून बसायची, मी बाहेरून बोलत राहायची. आई आणि व्यायाम घेणारी बाई या दोन्ही भूमिका एकाच माणसानं किती वर्षं करायच्या, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तर फिजिओताईंनी दिलं. त्यांनी तिला बाहेर बसवलं नाही, समोर बसवूनच बोलल्या. "तुझं म्हणणं मला पटतंय. इतकी वर्षं तेच तेच कोण करील? रात्रीची स्प्लिंट आणि थोडं ताणणं एवढं सोडू नको. बाकीची ताकद आपण खेळातून आणू. तुला काय खेळायला आवडेल?" मुलगी गप्प. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पाण्यात जायचंय."

ताकदीच्या व्यायामाबद्दल मलाही शंका होती. ताठ स्नायूंना जोर दिला तर ते आणखी ताठतील असं अनेक पालक मानतात, आणि एके काळी जाणकारही तसंच मानत. पुढच्या अभ्यासांत तसं आढळलं नाही. सेरेब्रल पाल्सीतले स्नायू ताठ असतात तसे दुबळेही असतात, आणि दुबळा स्नायू व्यायामानं सुधारू शकतो. हे ताईंनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

उपचारांतून खेळाकडे जाण्याची ही वाट काही नवी नाही. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात लुडविग गुटमन नावाचे डॉक्टर मणक्याला जखम झालेल्या सैनिकांवर उपचार करत. खेळ हा उपचाराचाच भाग आहे, असं त्यांनी ठरवलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. आपल्याकडचे मुरलीकांत पेटकर याच वाटेनं गेलेले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, लष्करातले जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बहुतेकांना त्यांचं नाव कळलं ते २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे. आमच्या घरातही तसंच झालं.

पाण्यात जायचं म्हटलं, पण कुठे? आपल्या शहरात खेळाची वानवा आहे असं म्हणता येणार नाही. विद्यापीठाच्या परिसरात भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे, गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे, पोहण्याचे तलाव आहेत. पहिल्या तलावावर गेलो तिथल्या व्यवस्थापकांनी मुलीकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, "उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?" मी लेखी द्यायला तयार होते. तरी नाहीच. दुसऱ्या तलावावरच्या प्रशिक्षकांनी जबाबदारीचा विषयच काढला नाही. त्यांनी तिला विचारलं, "नाकात पाणी गेलं तर रडशील का?" ती म्हणाली, "माहीत नाही." ते म्हणाले, "मग बघू या." दुपारची वेळ ठरली, तेव्हा गर्दी कमी असते.

पाण्यात ताठ पायांना काय मिळतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण निम्माच भार येतो, छातीइतक्या पाण्यात त्याहूनही कमी. जमिनीवर दोन पावलांत थकणारी मुलगी कठड्याला धरून पाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. एप्रिलच्या कोमट पाण्यात स्नायू सैल पडतात. डिसेंबरात मात्र पाणी थंड, पाय लाकडासारखे होतात आणि तलाव बंद ठेवावा लागतो. उन्हाळ्यात आणखी एक अडचण, खास आपल्या गावची. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या शहरात पोहण्याचा तलाव भरून ठेवणं कितपत बरोबर, असा प्रश्न विचारणारे शेजारी आहेत, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. आम्हीही ड्रम भरून ठेवतो, टँकर मागवतो. पण ज्या मुलाला जमिनीवर पळता येत नाही त्याला पळण्यासाठी पाणी हीच जागा असते, एवढं माझं मागणं मी त्यांच्यापुढे ठेवते.

पाण्याआधी कपडे बदलण्याची खोली येते, आणि या वयाच्या मुलीला पाण्याहून तीच अवघड. पायांवर शस्त्रक्रियेचे व्रण आहेत. ते दिसतील म्हणून पहिले काही दिवस ती टॉवेल गुंडाळून अगदी काठापर्यंत जायची. तिथे तिच्यापेक्षा थोडी मोठी एक मुलगी येत असे, रस्त्यावरच्या अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेली. तिनं सरळ विचारलं, "तुझे किती टाके?" आमच्या लेकीनं आकडा सांगितला. "माझे जास्त," ती म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. टॉवेल त्या दिवसापासून बाकावरच राहिला. वर्षानुवर्षं मी तिला जे समजावत होते ते दुसऱ्या मुलीच्या एका प्रश्नानं झालं. या वयात मुलं आईबापांसाठी काही करत नाहीत, डॉक्टरांसाठी तर नाहीच. बरोबरीच्या कुणासाठी करतात.

त्यातूनच रविवारचा गट जमला. फिजिओथेरपीच्या बाकावर आम्ही पालक एकमेकांना ओळखत होतोच. कुणाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला मणक्याचा जन्मजात दोष, एकाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी. पोलिओचं एकही मूल नाही. देशातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. आमच्या पिढीला 'अपंग' म्हटलं की एक बारीक पाय आणि कॅलिपर एवढंच डोळ्यांपुढे येतं. आज शाळेत येणाऱ्या मुलांचे प्रश्न निराळे आहेत, आणि प्रत्येकाचे वेगळे आहेत. एका शाळेचं मैदान सकाळी वापरायला मिळालं. स्वच्छतागृहाला तीन पायऱ्या होत्या. एका वडिलांनी पहिल्याच आठवड्यात फळी टाकून उतार केला.

सगळ्यांना जमेल असा खेळ म्हणून ताईंनी बोशिया सुचवला. पॅरालिंपिकमध्ये तो १९८४ पासून आहे. एक पांढरा चेंडू आधी टाकायचा, मग सहा लाल आणि सहा निळे चेंडू त्याच्या जितके जवळ जातील तितके न्यायचे. बसून खेळायचा, हातानं टाकता येत नसेल तर पायानं ढकलायचा, तेही होत नसेल तर उतरत्या पन्हळीवरून सोडायचा. मैदान साडेबारा मीटर लांब, सहा मीटर रुंद. ते आम्ही फक्की मारून आखलं. चेंडू विकत घ्यायचे तर महाग, म्हणून आयांनी जुन्या जीन्सचे तुकडे शिवून त्यात चिंचोके भरले. खऱ्या चेंडूचं वजन २७५ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणून किराणा दुकानातल्या काट्यावर एकेक चेंडू तोलला. पन्हळ म्हणजे प्लंबरकडचा रुंद पाइप मधोमध चिरून केलेली. आमच्या गटातला एक मुलगा मान आणि एक हात एवढंच हलवू शकतो, बोलतो तेही फार तुटक. तो डोळ्यांनी दिशा दाखवतो, त्याचा भाऊ पन्हळ वळवतो, आणि चेंडू तो स्वतः सोडतो. भावानं पन्हळ चुकीची धरली की त्याच्यावर असा ओरडतो की मैदानाबाहेर ऐकू जातं. त्याच्या आईनं मला सांगितलं, पोरगं कुणावर रागावलेलं मी पहिल्यांदा बघतेय. त्या बाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

माझ्या मुलीला बोशिया आवडला, पण मन रमलं ते गोळाफेकीत. त्याला कारण भाग्यश्री जाधव. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर तिरंगा धरून आलेली बाई नांदेड जिल्ह्यातली आहे, हे कळल्यावर मुलगी टीव्हीच्या जवळ सरकली. भाग्यश्री एफ-३४ गटात, बसून गोळा फेकतात. स्नायूंच्या ताठरपणाचा किंवा तोल न सावरण्याचा त्रास असलेल्या खेळाडूंचा तो गट. "म्हणजे माझ्यासारख्या?" तिनं विचारलं. साधारण तसंच, ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तिनं मामाला फोन लावला. माझ्या भावाचं चिकलठाणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. "मामा, फेकायची खुर्ची करून पाहिजे."

ती खुर्ची कशी झाली ते सांगते, कारण गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांना ती करता येईल. नियमानं आसनाची उंची गादी धरून ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. मामानं दीड इंची चौकोनी पाइपचा चौथरा जोडला, चार कोपऱ्यांना कड्या लावल्या. आसनावर जाड फोम, वरून रेक्झिन. पुढच्या बाजूला एक उभा दांडा, डाव्या हातानं घट्ट धरायला, म्हणजे उजव्या हातानं फेकताना अंगाचा पीळ सुटतो आणि तोल जात नाही. पावलांसाठी आडवी पट्टी. खरी गोम पट्ट्याची निघाली. ती जोर लावायची त्याच क्षणी ताठरपणामुळे तिचे पाय एकदम सरळ व्हायचे आणि ती आसनावरून घसरायची. मामानं भंगार बाजारातून गाडीचा जुना सीटबेल्ट आणला आणि मांड्यांवरून घेतला. पाय तिथल्या तिथे बसले. आता खुर्ची जमिनीवरून उचलली जाऊ नये म्हणून ट्रकवाले माल आवळायला जो पट्टा वापरतात तो कड्यांतून ओढून लोखंडी खुंट्यांना बांधतो. खुंट्या ठोकायचं काम रविवारी सकाळी मुलांचे बाप करतात. ग्राइंडरनं कडा घासताना मामानं हात फिरवून फिरवून पाहिलं होतं. आमच्या काही मुलांना पायांना संवेदना नसते, लागलेलं कळत नाही, हे त्याला मी सांगितलं होतं.

ही काळजीची बाजूही सांगायला हवी, कारण उत्साहात ती निसटते. मणक्याच्या दोषामुळे संवेदना गेलेल्या मुलाचे पाय आणि बसण्याची जागा खेळ झाल्यावर रोज पाहावी लागते. बुटाचा एक छोटा फोड महिनाभर अंथरुणाला खिळवू शकतो. मणक्याला वरच्या बाजूला इजा असेल तर घाम नीट येत नाही, उष्णता अंगात साठते. मराठवाड्याच्या उन्हात अशा मुलाला सकाळी आठनंतर मैदानावर ठेवू नये, ओला पंचा मानेवर असावा. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत थकेपर्यंत खेळवायचं नाही. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं, लघवी गडद आली तर खेळ थांबवून डॉक्टरांना गाठायचं. त्या मुलासाठी पाणी आणि बोशिया बरे, धावाधाव आणि वजनं नकोत. म्हणून सुरुवातीला डॉक्टर किंवा फिजिओ यांच्याशी बोलणं आवश्यक आहे. मात्र त्यांना विचारायचं ते "खेळू दे का?" असं नाही. "काय खेळू दे आणि किती?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला बहुतेक वेळा सावध 'नको' मिळतं.

किती, याला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये उत्तर दिलं आहे. त्या वर्षीच्या मार्गदर्शनात दिव्यांग व्यक्तींचा प्रथमच वेगळा विचार झाला. ५ ते १७ वर्षांच्या दिव्यांग मुलांनाही दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा, असं त्यात आहे. हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. अजिबात नसण्यापेक्षा थोडं बरं, थोड्यानं सुरू करून वाढवत न्या, हेही त्यातच लिहिलं आहे. आमच्या गटातली काही मुलं दहा मिनिटांत दमून जायची.

मुलीचे गुडघे आजही वाकतात. घरात ती कोपराच्या कुबड्यांवर फिरते, लांब जायचं तर व्हीलचेअर. ती चालायला लागली, असला चमत्कार मला सांगायचा नाही, तसा झालेला नाही. झालं ते एवढं. गोळा फेकून, पाण्यात हात मारून तिचे दंड आणि खांदे भरले. पूर्वी पलंगावरून खुर्चीत न्यायला मी लागायची, आता ती फळीवरून स्वतः सरकते. बाथरूममध्ये आम्ही दोन दांडे बसवले, प्लास्टिकचा चौरंग ठेवला. गेल्या वर्षी एका सकाळी ती म्हणाली, "आई, तू बाहेर थांब." आतून कडी लावली. आंघोळ उरकायला तिला खूप वेळ लागला. मी दाराबाहेर उभी, आतून मग आपटल्याचा आवाज आला तरी बोलले नाही. केस पुसत बाहेर आली आणि काही न बोलता शाळेच्या तयारीला लागली. पंधरा वर्षांच्या मुलीला पाळीच्या दिवसांतही आई बाथरूममध्ये लागावी, याचं दुःख काय असतं ते तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. त्या कडीच्या आवाजानं सांगितलं. लोक मला विचारतात, एवढं करून पदक मिळालं का? भाग्यश्री जाधवांचं यश आमच्या मुलांना हवंच आहे, त्यांच्यातलं कुणी तिथवर जावं असं मलाही वाटतं. पण हजारांत एखादंच मूल तिथे पोचणार. आंघोळ सगळ्यांनाच करायची असते.

मैदानावर पोचणं हेच अजून सगळ्यांत कष्टाचं. बसच्या पायऱ्या उंच, पदपथ असला तर त्यावर गाड्या लावलेल्या. आम्हाला एक रिक्षावाले चाचा मिळाले आहेत, रोशन गेटकडचे. खुर्ची घडी करून मागे दोरीनं बांधतात, ती चढत असताना "आराम से बेटा, जल्दी नहीं है" म्हणत थांबतात. ज्यांना असं कुणी मिळत नाही ती मुलं येत नाहीत. गटातल्या मुली कमी आहेत त्याचं हेही एक कारण. दुसरं कारण घरातलं. मुलाला खेळायला न्यायला बाप रजा काढतो, मुलीला न्यायचं म्हटलं की "कशाला लोकांपुढे?" असं ऐकू येतं. हे मी अनेक घरांत ऐकलं आहे आणि प्रत्येक घरात त्यावर वाद घातला आहे.

शाळेत बदल झाला तो नवे पीटीचे सर आल्यावर. पहिल्याच तासाला ते वर्गात डोकावले आणि म्हणाले, "तू इथं काय करायलीस? चल मैदानावर." त्यांनी काही शिबिर केलेलं नव्हतं, कसलं प्रशिक्षण नव्हतं. मुलींना त्यांनी लगोरी लावायला सांगितली आणि हिला खुर्चीवर बसवून नेम मारायला दिला. लगोरी फुटली की हिच्या बदली दुसरी मुलगी पळायची, क्रिकेटमध्ये रनर असतो तशी. दोन आठवड्यांत दोन्ही गट हिला आपल्याकडे ओढायला लागले, कारण गोळा फेकून फेकून हिचा नेम पक्का झाला होता. बॅडमिंटनला तिच्या बाजूचं मैदान सरांनी निम्मं केलं. कवायतीत ती हातांचे प्रकार करते, पायांच्या वेळी आकडे मोजते. यासाठी शाळेला एक रुपया खर्च आलेला नाही.

सरांनी जे आपणहून केलं ते कायद्यातही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्याच्या १६ व्या कलमात सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यावी असं म्हटलं आहे. ३० वं कलम तर क्रीडेवरच आहे. म्हणजे मैदान हा या मुलांचा हक्क आहे, आणि पीटीच्या तासाला वर्गात बसवणं, ते कितीही मायेनं असो, त्या हक्काच्या आड येतं. दरवर्षी ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाच्या निमित्तानं स्पर्धा होतात, हार-तुरे होतात, फोटो छापून येतात. ते होऊ द्या. पण ४ डिसेंबरला पीटीच्या तासाला ती मुलं कुठे असतात, हे मुख्याध्यापकांनी एकदा वर्गावर्गांत जाऊन पाहावं.

जूनमध्ये शाळा उघडतील. आपल्या घरात असं मूल असेल तर पीटीतून सूट मिळावी म्हणून अर्ज देऊ नका, कुणी न मागता सूट दिली तर ती नम्रपणे परत करा. पीटीच्या सरांना भेटा, मुलाला बरोबर न्या, त्याला काय जमतं ते त्यालाच सांगू द्या. आणि पीटीच्या सरांना, मॅडमना माझं हात जोडून सांगणं आहे की तुमच्या शाळेत तासाला वर्गात बसून राहणारं एखादं मूल असेल तर पहिल्याच आठवड्यात त्याला मैदानावर बोलवा. कसं खेळवायचं हे माहीत नसेल तरी चालेल. काय खेळायला आवडेल, एवढं त्याला विचारा आणि त्याच्या उत्तरासाठी थोडं थांबा.